बेळगावात सामान ठेवायला भाड्याची जागा: कुलूप कुणाचं आणि ओल कुठून?

बेळगावात 'स्टोरेज मिळेल' या पाटीमागे तीन वेगळ्या गोष्टी असतात. त्यातली कुठली आपल्यापुढे आहे हे भाडं ठरवण्याआधी कळलं नाही, तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

पहिली म्हणजे पॅकर्स-मूव्हर्सवाल्यांचं गोदाम. माणसं त्यांची, टेंपो त्यांचा. सामान पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये आणखी दहा-वीस घरांच्या सामानाशेजारी रचलं जातं आणि आपल्या हाती एक यादी येते. किल्ली त्यांच्याकडे. दुसरी म्हणजे सरळ गाळा किंवा खोली: शटर, चार भिंती, मालकाला भाडं, कुलूप आपलं. तिसरी म्हणजे पुण्या-बेंगळुरूत रुळलेलं सेल्फ-स्टोरेज: एका मोठ्या इमारतीत पंचवीस, पन्नास, शंभर चौरस फुटांचे कप्पे, प्रत्येकाला वेगळं दार, दारावर आपलं कुलूप, बाहेर कॅमेरा आणि रखवालदार. बेळगाव, निपाणी, चिकोडी भागात नाव तिसऱ्याचं आणि माल पहिल्याचा, असंच जास्त दिसतं. फोनवर एकच प्रश्न विचारायचा: 'कुलूप कुणाचं?' उत्तर देताना समोरचा अडखळला, तर ते पॅकर्सचं गोदाम आहे.

याचा संबंध नुसत्या चोरीशी नाही. १८७२ च्या करार कायद्यात दुसऱ्याच्या हवाली केलेल्या वस्तूंबद्दल कलम १५१ आहे: सांभाळणाऱ्याने स्वतःच्या वस्तूची घेतली असती तेवढी, शहाण्या माणसाला शोभेल अशी काळजी घ्यायची. पॅकर्सच्या गोदामाला हे लागू पडतं, कारण सामान त्यांच्या ताब्यात असतं. गाळा भाड्याने घेऊन आपण आपलं कुलूप लावलं की सामान आपल्याच ताब्यात राहतं, मालकाने फक्त जागा दिलेली असते. उंदरांनी गादी कुरतडली तर त्याला धरता येत नाही, फार तर छप्पर गळलं तर धरता येईल, तेही करारात तसं लिहिलं असेल तर. म्हणून पॅकर्सचं गोदाम घेणाऱ्याने यादी आणि भरपाईची कलमं बारकाईने वाचावीत, गाळा घेणाऱ्याने भिंत आणि छप्पर. लोक नेमकं उलटं करतात.

चार ते आठ महिन्यांसाठी, म्हणजे शहापूर-वडगावातलं जुनं कौलारू घर पाडून नवं बांधेपर्यंत, बहुतेक घरांना चांगला गाळा परवडतो आणि पुरतो. बदलीच्या नोकरीत, विशेषतः लष्करी कॅम्पातून थेट दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांना, पॅकर्सचं गोदाम सोयीचं, कारण पुढची वाहतूकही तेच करतात. कॉलेजच्या मुलांना सुट्टीत चार खोकी, कूलर आणि सायकल ठेवायची असेल, तर यातलं काहीच नको. घरमालकाशी बोलून अर्ध्या भाड्यावर खोली राखणं स्वस्त पडतं.

आता भाग. बेळगाव जिल्ह्यात पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने उतरतो. कणकुंबी-जांबोटीला घाटमाथ्याचा पाऊस, बेळगाव शहरात त्याहून पुष्कळ कमी पण आठवडे-आठवडे चालणारी झड, आणि गोकाक-अथणीपर्यंत गेलं की कोरडं रान. त्यामुळे 'गोदाम चांगलं आहे' या वाक्याला तालुका जोडल्याशिवाय अर्थ नाही. खानापूर बाजूची कौलारू खोली मे महिन्यात पाहून घेऊ नये. कौलं परतून घेतली आहेत का ते विचारावं, आणि माकडांचा वावर असेल तर परतलेली कौलंही जूनपर्यंत जागेवर राहतीलच असं नाही.

उद्यमबागेत गाळे मुबलक, रस्ते रुंद, मोठी गाडी दारात लागते. पण ती फाउंड्रीची वस्ती आहे. साच्याच्या वाळूची आणि लोखंडाची बारीक काळी धूळ शटरच्या फटीतून आत येते आणि दमट हवेत पांढऱ्या फ्रिजवर, वॉशिंग मशिनवर तांबूस ठिपके उमटवते. शेजारी भट्टी नको, मशिनशॉप चालेल. मच्छे, होनगा इथे नव्या शेड उंच आहेत, जोतंही बरं आहे, पण गावाबाहेर असल्याने रात्रीची राखण कोण करतं ते बघावं लागतं. शहापूर, वडगाव, खासबागच्या गल्ल्यांतल्या खोल्या घराजवळ पडतात, पण तिथे 'छोटा हत्ती' टेंपोपेक्षा मोठी गाडी वळत नाही, आणि बळ्ळारी नाल्याच्या अंगाला असलेली शिवारं पावसाळ्यात पाण्याखाली जातात. त्या बाजूचा सखल गाळा कितीही स्वस्त असला तरी सोडावा.

निपाणीची गोष्ट वेगळी. तिथे जुन्या तंबाखूच्या वखारींमधल्या खोल्या भाड्याने मिळतात. दगडी जाड भिंती, उंच छप्पर, वर झरोके. उन्हाळ्यात आत गेलं की गार वाटतं. इमारत म्हणून बघाल तर पत्र्याच्या कुठल्याही शेडपेक्षा सरस. अडचण खकाण्याची, म्हणजे तंबाखूच्या बारीक धुळीची. वखार रिकामी होऊन वर्षं लोटली तरी तो भिंतीत, तुळयांत मुरलेला असतो आणि कापसाची गादी, सोफ्याचा फोम, लोकरी कपडे तो ओढून घेतात. शिवाय तंबाखूवर जगणारा बारीक तपकिरी भुंगेरा पुस्तकांच्या बांधणीत आणि खुर्चीच्या भरावातही शिरतो. भांडी, लोखंडी कपाटं, मशिनरी, दुकानाचे रॅक यांना ही जागा उत्तम. बिछाने आणि पुस्तकं तिथे नकोत. आणि निपाणी-चिकोडीत नदी किती लांब हे विचारायला लाजू नये: २०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ थेट महामार्गावर आलं होतं.

जागा पाहायला जाताना बरोबर टॉर्च, टेप आणि दीड फूट चौकोनी जाड प्लास्टिकचा तुकडा न्यावा. शक्यतो दुपारी जावं, आत शिरल्यावर शटर ओढून घ्यायला सांगावं आणि दिवा न लावता दोन मिनिटं उभं राहावं. छपराला भोकं असतील तर उजेडाचे ठिपके दिसतात. शटरखालून किती उजेड येतो तेही दिसतं. करंगळी जाईल एवढी फट असेल तर उंदीर जातो, हे धरून चालावं.

मग टॉर्च वर मारायचा आणि पत्रा नाही, स्क्रू बघायचे. रंगीत पत्रे लोखंडी आडव्या पट्ट्यांवर स्क्रूने आवळलेले असतात आणि प्रत्येक स्क्रूच्या टोपीखाली रबराचा वायसर असतो. ऊन खाऊन तो कडक होतो, चिरतो, आणि मग पाणी स्क्रूच्या आट्यांवरून खाली उतरतं. खालून पाहिलं तर स्क्रूच्या टोकाभोवती तांबूस कडं दिसतं आणि तिथून आडव्या पट्टीवर गंजाचा ओघळ निघालेला असतो. फसायला होतं ते इथे. पाणी त्या पट्टीवरून तीन-चार फूट सरकून मगच टपकतं. त्यामुळे खाली पाणी जिथे पडलं तिथे वर डांबराचा गोळा लावून मालक मोकळा होतो आणि गळती तशीच राहते. डांबराचे डाग असतील तर दुरुस्ती झाली म्हणून खूश होऊ नये. ओघळ कुठून सुरू होतो ते शोधावं. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारलेले असतील तर बरं. पन्हळीत मारले असतील तर सगळं वाहतं पाणी त्यांच्यावरूनच जातं. पत्र्यावर पत्रा निदान सहा इंच चढलेला हवा, नाहीतर झडीच्या वाऱ्याबरोबर पाणी उलटं वर सरकतं.

गळती आणि दव यांत गल्लत नको. डिसेंबर-जानेवारीत पहाटे बेळगावची थंडी पत्र्याला बसते आणि आतल्या हवेतली वाफ पत्र्याच्या पोटाला थेंब होऊन लोंबते. पाऊस नसतानाही शेड टपकते ती यामुळे. गळतीच्या खुणा ठरावीक जागी असतात, दवाचे थेंब सगळीकडे सारखे. छपराखाली फोमचा चंदेरी पडदा असेल, वर फिरते पंखे असतील, तर दव कमी. नसेल तर सामानावर आच्छादन लागणारच.

जमिनीवर टॉर्च आडवा धरावा. सिमेंटच्या कोब्यावर एका रांगेत पांढरट ठिपके किंवा बारीक खळगे दिसले, तर तिथे कित्येक पावसाळे थेंब पडतोय. नंतर बरोबरचं प्लास्टिक कोपऱ्यात जमिनीवर पसरून चारही बाजूंनी टेपने चिकटवावं आणि मालकाला उद्या येतो म्हणून सांगावं. सोळा-सतरा तासांनी उचलल्यावर खाली पाण्याचे मणी असतील किंवा कोबा काळवंडला असेल, तर ओल जमिनीतून येते आहे. ही चाचणी फुकट आहे, तिला मालकाची हरकत नसावी. असली तर तेच उत्तर समजावं.

भिंतीला लोणा लागून पोपडे सुटले असतील तर ते किती उंचीपर्यंत, ते बघा. फूट-दोन फुटांपर्यंत असेल तर पाणी पायातून चढतंय. ते रंगाने झाकतं, थांबत नाही. वरच्या भागात डाग असतील आणि ती भिंत पश्चिमेची असेल, तर पावसाचा मारा. तो बाहेरून गिलावा करून थांबवता येतो. जोतं रस्त्यापेक्षा दीड फूट तरी वर हवं. दारासमोरचा रस्ता एवढ्यात डांबरी झाला असेल तर तो किती वर आला ते पुन्हा मोजावं. आणि शेवटी शेजार. डावी-उजवीकडच्या गाळ्यांत काय आहे? रंग-थिनर, फोम, फटाके, गुळाचे रवे, धान्य. पहिल्या तिघांनी आग लागते, शेवटच्या दोघांनी मुंग्या आणि उंदीर. गोदामात सहा किलोचं अग्निशामक नळकांडं टांगलेलं असतंच, पण त्याच्या काट्याकडे कुणी बघत नाही. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का आणि भरल्याची तारीख काय, एवढं बघायला दहा सेकंद लागतात.

किती जागा लागेल यात सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. एजंट 'दोन बेडरूमला दोनशे फूट' असं ठोकून देतात. हिशेब घनफुटांत करावा. साधारण दोन बेडरूमच्या घराचं: खोललेला डबलबेड गादीसह ३५ घनफूट, साडेसहा फुटी दोन लोखंडी कपाटं ६२, सोफा तीन-एक-एक १००, फ्रिज २३, वॉशिंग मशिन १२, टीव्ही आणि त्याचं स्टँड १५, खोललेलं जेवणाचं टेबल आणि एकात एक खुर्च्या २५, दीड फुटी खोकी तीस नग म्हणजे १०१, आणि पिंप, कूलर, ग्राइंडर, सायकल मिळून ४०. बेरीज ४१३. घरच्या माणसांना सहा फुटांपेक्षा उंच रचणं धोक्याचं, म्हणून ४१३ ला ६ ने भागलं की ६९ चौरस फूट. भिंतीपासूनची मोकळी जागा आणि मधली वाट यांत तीस टक्के जातात, म्हणजे ६९ ला ०.७ ने भागायचं. येतात ९८. दहा बाय दहाची खोली पुरते. या यादीत सोफा सगळ्यात महाग आहे: भाड्याच्या चौथ्या हिश्शाएवढी जागा तो एकटा खातो. दहा वर्षं जुना असेल तर विकून टाकलेला बरा.

वाहतुकीचंही यातूनच निघतं. छोट्या हत्तीचा हौदा अंदाजे सात बाय पाच फूट, पाच फूट उंच रचलं तर १७५ घनफूट. तीन खेपा. चौदा फुटी टेंपोत एका खेपेत मावतं, पण तो गल्लीत येणार नसेल तर तोंडापर्यंत हमालीचा दर वेगळा पडतो. तो आधी बोलून घ्यावा, सामान अर्धं गाडीत गेल्यावर नव्हे.

जागा घेतली, आता ओल. चार महिने बाहेरची हवाच ओली असते. खोली गळत नसली तरी हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि जुलैत बेळगावात ती त्याच्या बरीच वर असते. काही शे रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक आत टांगून ठेवावा, म्हणजे वाद अंदाजावर राहत नाही.

जमिनीवर पाचशे गेजचं प्लास्टिक, त्यावर आडव्या-उभ्या विटा ठेवून चार ते सहा इंच उंचीवर फळ्या, मग सामान. भिंतीपासून चार इंच सोडायचे. बाजारातले जुने लाकडी पॅलेट फुकट मिळाले तरी घेऊ नयेत. वाळवी आणि भुंगा त्यातूनच येतात. प्लास्टिकचे क्रेट उलटे करून ठेवले तर उत्तम.

पॅकर्सची माणसं गादी आणि सोफा पारदर्शक प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळतात. टेंपोतल्या दोन तासांपुरतं ते ठीक. सहा महिन्यांसाठी ते बुरशीचं घर आहे, कारण गुंडाळताना आत अडकलेली ओल बाहेर पडू शकत नाही. गोदामात पोचल्यावर प्लास्टिक फाडून टाकावं, जुन्या सुती चादरी घालाव्यात, आणि प्लास्टिक फक्त सगळ्यात वर छत्रीसारखं, बाजूंनी मोकळं पसरावं. कापसाची गादी ठेवायच्या आधी दोन उन्हं दाखवलेली हवी. जूनमध्ये सामान हलवायचं असेल तर गाद्यांना मेमध्येच ऊन द्यावं लागतं, हे ऐनवेळी आठवून उपयोग नाही.

ओल शोषणाऱ्या पुड्यांवर लोक फार विश्वास टाकतात. कॅल्शियम क्लोराइडची डबी हवेतलं पाणी ओढते हे खरं, पण ती शटरच्या नऊशे घनफुटी खोलीत ठेवणं म्हणजे उघड्या दारात कूलर लावणं. बंद कपाटात, बंद ट्रंकेत तिचा उपयोग. तिथेही खाली बशी हवी, कारण भरल्यावर त्यातलं खारं पाणी सांडलं की पत्रा गंजतो. सिलिका जेलच्या पुड्या रंग बदलला की तापवून पुन्हा वापरता येतात. काही जण कपाटात कळीचा चुना ठेवतात. तो पाणी घेतो, पण घेताना तापतो, फुगतो. कापडाजवळ, कागदाजवळ नको.

शटर कधी उघडायचं यालाही अक्कल लागते. 'हवा खेळू दे' म्हणून झडीत दोन तास शटर वर करून ठेवलं, तर बाहेरची ओली हवाच आत भरली. सलग ऊन पडलेल्या दिवशी दुपारी बारा ते तीन उघडावं, एरवी बंद. पावसाळ्यात दर सहा आठवड्यांनी एक चक्कर. गणपतीच्या आधी एक चक्कर होतेच, म्हणून मखर, समया आणि गौरीचे मुखवटे दाराजवळ ठेवावेत. ते मागच्या भिंतीला गेले तर सगळी खोली उपसावी लागते. खोक्यांवर नंबर वर न लिहिता बाजूला लिहावा आणि वहीत त्या नंबरापुढे आतल्या वस्तू. मधून दीड-दोन फुटांची वाट मागपर्यंत सोडावी. तिच्यासाठी दहा फुटांतले दोन फूट गेले म्हणून हळहळू नये.

काही वस्तूंना वेगळी वागणूक लागते. फ्रिज दोन दिवस आधी बंद करून आतून कोरडा करावा, उभाच न्यावा आणि दाराच्या फटीत कापडाची घडी ठेवून दार किंचित उघडं राहू द्यावं. घट्ट बंद केलेला फ्रिज आतून काळा पडतो आणि तो वास जात नाही. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशिनला मागून वाहतुकीचे बोल्ट लावावेत, ते हरवले असतील तर ड्रम हिंदकळून शॉक अ‍ॅब्सॉर्बर निकामी होतात. खालच्या गाळणीतलं पाणी काढायला विसरू नये. इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी गोदामात टाकूच नये: चार्जिंगशिवाय पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट बसतं आणि सहा महिन्यांनी ती भंगारात. कुणा नातेवाइकाकडे जोडून द्यावी. गॅस सिलिंडर कुठल्याच गोदामात ठेवू देत नाहीत, देत असतील तर तिथे आपलं सामान नको. बऱ्याच काळासाठी घर बंद होणार असेल तर तो एजन्सीत जमा करून कागद घ्यावा. दुचाकी ठेवायची तर पेट्रोल काढून, बॅटरीची वजा बाजूची तार सोडवून, मधल्या स्टँडवर.

तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासून, कडक वाळवून, सुती कापडात. वर्तमानपत्रात नको, कागद ओल धरतो आणि भांड्यावर त्याचे डाग उमटतात. जरीची साडी, मग ती शहापुरी असो की पैठणी, मलमलच्या कापडात गुंडाळून दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून ठेवायची. डांबरगोळी जरीला लागली की जरीचे धागे काळवंडतात. म्हणजे ही वस्तू गोदामाची नाहीच, घरातल्या माणसाची आहे. दागिने आणि जमिनीचे कागदही तसेच. बँकेच्या लॉकरला रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यात बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभरपट, २०२२ पासून. गोदामाला असा कुठलाही आकडा नाही, करारात जो लिहिला तोच.

त्या कराराकडे येऊ. तो कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतो. वाचता येत नसेल तर सही करण्याआधी कुणाकडून तरी ओळ न ओळ वाचून घ्यावा. 'आमचा नेहमीचाच फॉर्म आहे' यावर सही करणं म्हणजे कोऱ्या कागदावर करण्यासारखं. गाळ्याचा करार अकरा महिन्यांचा का, तर वर्षाच्या वरच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे म्हणून. सहा महिनेच हवे असतील तर सोडण्याची मुदत पंधरा दिवस ते एक महिना लिहून घ्यावी, नाहीतर अकराचं भाडं गळ्यात पडतं.

पॅकर्सच्या करारात तीन ओळी शोधाव्यात. एक, नुकसानभरपाईची मर्यादा: पुष्कळदा ती दर खोक्यामागे ठरावीक रकमेची असते, मग आत काचेचे पेले असोत की कॅमेरा. महागाच्या वस्तू किंमतीसह वेगळ्या लिहून घ्याव्यात, विम्याचा हप्ता कोण भरणार आणि पॉलिसी कुणाच्या नावावर हे विचारावं. 'विमा आहे' याचा अर्थ पुष्कळदा त्यांच्या शेडचा विमा, आपल्या सोफ्याचा नाही. दोन, मध्येच वस्तू काढायला किती तास आधी कळवायचं आणि दर वेळचे किती. कुणाच्या मागे कुणाचं सामान रचलंय यावर हे अवलंबून असतं, आणि शाळेची पुस्तकं काढायला तीन घरांचं सामान हलवायची हमाली आपल्याकडून घेतात. तीन, भाडं थकल्यास सामान अडवून ठेवण्याचा किंवा विकण्याचा हक्क. कुठल्याही थकबाकीसाठी हातातला माल अडवून धरण्याचा सरसकट हक्क करार कायद्याच्या कलम १७१ ने मोजक्या धंद्यांनाच दिलाय: बँका, अडते, बंदराच्या धक्क्यावर माल सांभाळणारे, वकील आणि विमा-पॉलिसीचे दलाल. बाकीच्यांना तो करारात लिहून घ्यावा लागतो, म्हणून ही ओळ फॉर्मात असते. ती काढून टाकत नसतील तर निदान लेखी नोटीस आणि तीस दिवसांची मुदत त्यात घालावी.

पैशांचं: घरसामान ठेवण्याच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे, पण तो नोंदणी असलेल्यानेच लावायचा. नोंदणी क्रमांकाशिवाय कच्च्या चिठ्ठीवर 'जीएसटीसह' लिहिलं असेल तर तो सरकारकडे जात नाही. समजा भाडं महिना २,५०० सांगितलं तर करासह २,९५०, सात महिन्यांचे २०,६५०. त्यावर दोन्ही वेळची हमाली, दोन्ही वेळचा टेंपो, पॅकिंग. पॅकर्स पहिला महिना फुकट म्हणतात तेव्हा परतीच्या वाहतुकीचा दर आजच लेखी घ्यावा. सामान त्यांच्या ताब्यात गेल्यावर त्या दराची घासाघीस होत नाही, आणि त्यांची कमाई तिथेच असते. दुकानदाराने विक्रीचा माल गाळ्यात ठेवायचा असेल, तर तो पत्ता आपल्या जीएसटी नोंदणीत जादा जागा म्हणून जोडून घ्यावा लागतो.

कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडकडून सामान आणणाऱ्यांना राज्याच्या सीमेवरच्या नाक्याची उगाच धास्ती असते. वापरलेल्या घरसामानाला ई-वे बिल लागत नाही, किंमत पन्नास हजारांच्या वर असली तरी. गाडीत यादी, 'वापरलेलं घरसामान, विक्रीसाठी नाही' असं सहीनिशी पत्र आणि दोन्ही ठिकाणचे पत्ते असावेत. एकूण वजन तीन टनांच्या आतली मालगाडी असेल तर परमिटचाही प्रश्न येत नाही, छोटा हत्ती त्यात बसतो. मात्र खोकीबंद नवा मिक्सर किंवा बिलासकट नवा टीव्ही त्यात घुसडू नये, तो वापरलेला ठरत नाही.

गाळा सोडताना शेवटची खेप गाडीत चढल्यावर रिकामी जमीन, चारही भिंती आणि छप्पर यांचे फोटो तारखेसह काढावेत, घेताना काढलेल्या फोटोंच्याच कोनातून. वीजमीटरचा आकडाही त्यातच. किल्ली हातात देताना अनामत परत मिळाली नसेल, तर किल्ली मिळाल्याच्या पावतीवर अनामतीची रक्कम आणि परत करण्याची तारीख मालकाच्या हस्ताक्षरात लिहून घ्यावी. विटा आणि फळ्या तिथेच सोडाव्यात, त्या परत न्यायच्या टेंपोचं भाडं त्यांच्या किमतीपेक्षा जास्त होतं.